तो डाग मी पाहिला होता

सिस्टर, परवा तुमची शोकसभा झाली. आरोग्य केंद्राच्या अंगणात सतरंजी अंथरली होती, खुर्चीवर तुमचा फोटो होता आणि फोटोपेक्षा हारच मोठा होता. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असतात, "माय वं, मले झाकूनच टाकलं का यांनी?" बोलायला जे साहेब उभे राहिले, त्यांनी तुम्हाला जन्मात दोनदा पाहिलं असेल. हातातल्या कागदात बघत ते म्हणाले, "कुसुमताईंच्या इतक्या वर्षांच्या सेवेला एकच डाग लागला. पण तोही त्यांनी मोठ्या मनानं आपल्या अंगावर घेतला." लोकांनी माना हलवल्या. मी मागच्या रांगेत बसले होते. साहेबांच्या तोंडून तो शब्द सहज निघून गेला. त्यांना काय माहीत, तो खरोखरीचा डाग होता, एका लेकराच्या डाव्या दंडावरचा. आणि तो तुम्ही पाहिलाच नव्हता. तो मी पाहिला होता.

तिथंच उठून बोलायला पाहिजे होतं. गुडघे टेकून अर्धी उठलेही होते, तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि मी तो घेऊन परत खाली बसले. बारा वर्षं मी हेच करत आले. तुम्ही असेपर्यंत तुमच्यामागं लपले. परवा तर तुमच्या फोटोमागं लपले. माझी मलाच किळस आली, म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही आमच्या उपकेंद्रात बदलून आलात तेव्हा मी नुकतीच दहावी होऊन अंगणवाडीची बाई म्हणून लागले होते. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता, आपण परभणीतच होतो, आणि औंढ्याच्या डोंगराकडच्या आमच्या गावाला दिवसातून दोनच एसट्या यायच्या. तुम्ही कनेरगाव नाक्याच्या. वाशिमच्या बाजूची तुमची बोली ऐकून आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तुम्हाला ते कळायचं. तुम्ही मुद्दाम आणखी जोरात बोलायचात, "काहून हासून राहिल्या वं? तुमची भाषा काय सोन्याची हाय?"

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला तुमचा राग यायचा. आमचं घर बुद्धवाड्यात. गावात फिरताना तुम्ही माझ्या दारात यायचात, ओट्यावर बसायचात, वजनकाटा तिथंच लावायचात, पण चहा म्हटला की, "नको छाया, आत्ताच घेतला." पाटलाच्या घरी त्याच दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा घेतलेला मी पाहिलेला असायचा. आईनं एकदा कप परत नेताना मला ऐकू येईल इतपत म्हटलं होतं, "तिचं पोट लई नाजूक हाय वाटतं." तुम्ही नंतर माझ्या घरी चहा प्यायलात, जेवलात, एकदा तापात दोन दिवस राहिलातही. पण ते सविता गेल्यानंतर. आपल्या दोघींना एकमेकींच्या ताटाला हात लावायला एक लेकरू जावं लागलं, हे मी कधी विसरले नाही. तुम्हाला कधी बोलूनही दाखवलं नाही.

काम मात्र तुमच्यासारखं करणारी बाई मी नंतरही पाहिली नाही. महिन्यातून एकदा आपण डोंगराखालच्या तांड्यावर जायचो. तुमच्या खांद्याला बर्फाचा तो निळा डबा, माझ्या काखेत रजिस्टर, आणि दीड तासाची पायवाट. तोंडात सुपारी आणि सगळ्या वाटेनं मला शिव्या. मी चप्पल घासत चालते, मी मुलांची नावं खराब अक्षरात लिहिते, मी लग्न काहून करत नाही. तांड्यात पोचलं की सुपारी थुंकून टाकायची, हात धुवायचे आणि मग तुम्ही वेगळ्याच व्हायच्या. क्षयाची बीसीजी टोचताना लेकराचा दंड असा काही धरायच्या की लेकरू रडायच्या आधी सुई बाहेर. दंडावर मुगाच्या डाळीएवढा फुगा आला की तुम्ही स्वतःशीच मान हलवायच्या.

आणि मग आईला तीच ती तंबी. "महिनाभरानं इथं फोड येईन. पिकन, फुटन. हात नाही लावायचा. हळद नाही, तेल नाही, पाला नाही. वण पडू दे."

तो वण म्हणजे आपली खूण होती. कार्ड हरवायचं, पावसात भिजायचं, ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीत जळून जायचं. दंड कुठं हरवणार? त्यामुळं कार्ड नसलं की दंड बघायचा आणि वण दिसला की रजिस्टरात लिहायचं. सगळा तालुका तसंच करायचा.

त्या औषधाची कुपी कशी असायची हे शोकसभेतल्या साहेबाला कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. एका कुपीत दहा-वीस लेकरांपुरतं औषध. एकदा पाणी घालून कालवलं की काही तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. एका लेकरासाठी कुपी फोडली की महिन्याच्या बैठकीत तुम्हाला उभं करायचे आणि एवढं औषध वाया का घालवलं म्हणून सगळ्यांसमोर झापायचे. न टोचलेल्या लेकराबद्दल कुणाला उभं केलेलं मी ऐकलं नाही. रजिस्टरातला रकाना भरलेला असला की झालं. म्हणून तुम्ही पाच-सहा लेकरं जमेपर्यंत थांबायच्या. एखादंच असलं तर, "पुढच्या महिन्यात घेऊन ये वं याले." पुढच्या महिन्यात ते लेकरू आईबरोबर कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असायचं.

सविता अशीच. झमकू राठोडची पहिली पोरगी. दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला गेला तेव्हा झमकूचे दिवस भरत आले होते, फडातच ती बाळंत झाली. उन्हाळ्याच्या तोंडाला तांडा परत आला तेव्हा सविता चार-पाच महिन्यांची होती. गुबगुबीत, केसांना तेल लावून भांग पाडलेला, कपाळाला काजळाचा एवढा मोठा टिळा. कार्ड नव्हतं.

तो दिवस मला तासातासानं आठवतो. सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर तुम्ही बसला होतात. ऊन डोक्यावर आलं होतं, डब्यातला बर्फ अर्धा वितळला होता. ट्रिपलच्या सुया झाल्या, पोलिओचे थेंब झाले. बीसीजी राहिलेलं त्या दिवशी एकही लेकरू निघालं नव्हतं आणि कुपी तशीच बंद होती. मी पाच हात लांब वजनकाट्यापाशी होते, माझ्या काट्यात दुसरंच एक लेकरू लटकलेलं, रडून लाल झालेलं. तुम्ही विचारलंत, "झमकूच्या पोरीचं काय? बीसीजी? दंड पाह्य बरं छाया. हाय ना वण?"

तुमचं ते "हाय ना". सिस्टर, आता तुम्ही ऐकत नाही, म्हणून सांगते. तुमच्या आवाजाला "हो"ची घाई होती. एका लेकरासाठी कुपी फोडायची वेळ येऊ नये अशी ती घाई होती, आणि मी ती बराबर ऐकली. मी एका हातानं काटा धरून दुसऱ्या हातानं सविताच्या झबल्याची बाही वर केली. डावा दंड. नेमकी तीच जागा. गोल, चकचकीत, थोडा आत ओढलेला वण. मी म्हटलं, "हाय." तुम्ही लिहिलंत. झमकू तिथंच उभी होती, जाऊबाईशी बोलत होती. तिला आपण काही विचारलं नाही.

तो बिब्ब्याचा डाग होता. जन्मल्यावर पोरगी पिवळी पडली म्हणून फडातल्याच एका म्हातारीनं बिब्बा तापवून त्याचं तेल तिच्या दंडावर टेकवलं होतं. काविळीचा उतारा. सिस्टर, माझ्या स्वतःच्या पोटावर असले दोन डाग आहेत. माझ्या भावाच्या पाठीवर आहे. बिब्ब्याचा डाग कसा दिसतो हे मला शिकवायला नांदेडचा डॉक्टर लागायला नको होता. शहरातली कुणी असती तर तिला माफ होतं. मी त्याच मातीतली, मी तो डाग रोज आंघोळ करताना बघते, आणि मी म्हटलं, "हाय."

पुढच्या वर्षी झमकूचं घर ऊसतोडीला गेलंच नाही. तिचा सासरा थावरादादा खोकून खोकून वाळला होता. औंढ्याला थुंकी तपासली, क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत बरं वाटलं, अंगावर मांस आलं, तशा गोळ्या बंद. तुम्ही दोनदा जाऊन त्याला बोललात. त्यानं दोन्ही वेळा हात जोडले आणि गोळ्या खाटल्याखाली ठेवून दिल्या. घरच्यांनी त्याची थाळी वेगळी केली, पाण्याचा गिलास वेगळा केला. गिलासाला कुणी हात लावायचं नाही. आणि आई-बाप रोजानं कापूस वेचायला गेले की सविता दिवसभर त्याच्याच मांडीवर. तो खोकायचा आणि ती त्याच्या मिशा ओढायची. आजार थाळीत नव्हता, खोकल्यात होता, आणि हे सांगणं आपलं काम होतं. मीही तिथं गेले की "दादा, पोरीला लई लळा लावला तुमी" म्हणून हसून यायचे. टोचलेलं लेकरू आहे, रजिस्टरला वण आहे, मग काळजी कसली?

माघात ती आजारी पडली. आधी नुसती किरकिर, जेवण टाकलं. मग ताप, ओकाऱ्या. नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या, मग गावातल्या डॉक्टरनं दोन सुया दिल्या. तीन आठवडे असे गेले. मी तुम्हाला घेऊन गेले तेव्हा ती डोळे अर्धे मिटून पडली होती, एक बुबुळ नाकाकडं वळलेलं. तुम्ही तिच्या डोक्याखाली हात घालून मान उचलायला गेलात तर मानेबरोबर सगळी पाठच उचलली गेली. तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. "जीप पाह्य," तुम्ही म्हणालात. "पळ छाया, कोनतीबी जीप पाह्य."

हिंगोलीहून नांदेड. त्या डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "बीसीजी झाली होती का?" तुम्ही छातीठोकपणे म्हणालात, "झाली. रजिस्टरला वण आहे." त्यांनी ओल्या कापसानं पोरीचा दंड पुसला आणि खिडकीकडं वळवून बघितला. "सिस्टर, हा बीसीजीचा वण नाही. हे डागलंय कुणीतरी." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. बीसीजी दिली म्हणजे क्षय होतच नाही असं नाही, पण एवढ्या लहान लेकरांत तो मेंदूपर्यंत जातो, ते ही लस पुष्कळ वेळा अडवते. "घरात खोकणारा माणूस होता ना? मग हिला तर पहिल्यांदा टोचायला हवी होती." तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. मी भिंतीकडं बघत होते.

झमकू दाराशी बसलेली होती. तिला मराठी चांगलं येतं हे आपण दोघी विसरलो होतो. ती म्हणाली, "बिब्बा हाय त्यो. तुमी इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं."

विसाव्या दिवशी सविता गेली.

चौकशी लागली तेव्हा मी ठरवून आले होते. रात्रभर मनात घोकलं होतं, साहेब, दंड मी पाहिला. साहेबांनी रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं आणि विचारलं, "ही नोंद कुणी केली? वण कुणी पाहिला?" मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही म्हणालात, "मी पाहिला. सही माझी आहे ना." आणि टेबलाखालून माझ्या हाताला असा चिमटा काढलात की दोन दिवस निळं राहिलं. मी गप्प बसले. चिमट्यामुळं गप्प बसले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. चिमटा नसता तरी मी गप्पच बसले असते सिस्टर. मला तेव्हा फार बरं वाटलं. श्वास सुटल्यासारखं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

बाहेर आल्यावर मी तुमच्याशी भांडले. बाभळीखाली उभ्या राहून तुम्ही मला झापलंत. "तू मानधनावरची बाई. तुले एका कागदानं घरी बसवतीन. अन् वरून तुमच्या वस्तीतली म्हनून बोलतीन, ते येगळंच. माही पक्की नोकरी हाय, माहं काय वाकडं करतीन हे?"

पुष्कळ वाकडं केलं त्यांनी. ठपका बसला, बढती कायमची गेली, बदली थेट आखाडा बाळापूरच्या पलीकडं. तुमच्या हाताखाली शिकलेल्या पोरी तुमच्या वरच्या बाया झाल्या. कुपी का फोडली नाही, एका लेकरासाठी कुपी फोडणाऱ्या बाईला बैठकीत कोण उभं करत होतं, हे चौकशीत कुणी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही. ज्यानं तुम्हाला बैठकीत सगळ्यात जास्त झापलं होतं, तोच चौकशीला खुर्चीत बसला होता. तुमचा तेवढा एक राग मी अजून सोडलेला नाही. माझ्यासाठी खोटं बोललात, ते समजू शकते. पण त्यांच्यासाठी गप्प काहून बसलात?

आपलं भांडण मग वर्षानुवर्षं चाललं. हिंगोलीच्या स्टँडवर, प्रशिक्षणाच्या जेवणाच्या रांगेत, तुमच्या मुलीच्या लग्नात हळदीच्या मांडवाखाली. मी म्हणायचे, मला सांगून टाकू द्या. तुम्ही म्हणायच्या, "कोनाले सांगतं? पोरगी गेली, म्हातारा गेला, रजिस्टर वाळवीनं खाल्लं." एकदा मात्र, हिंगोलीच्या स्टँडवर, गाडी लागलेली असताना तुम्ही पायरीवर थांबून म्हणालात, "तू पाह्यलं अन् मी तुले तसं पाहू देलं. सोड आता." आणि आत जाऊन बसलात. खिडकीतून माझ्याकडं पाहिलंही नाहीत. त्या एका वाक्यासाठी मी तुमची आयुष्यभराची ऋणी आहे, आणि ते तुम्ही चौकशीत बोलला नाहीत म्हणून तुमच्यावर चिडलेलीही आहे. दोन्ही एकाच वेळी कसं असतं ते मला विचारू नका. असतं.

तुमच्या नव्या ठिकाणच्या बाया मला प्रशिक्षणात भेटायच्या. सांगायच्या, कुसुम सिस्टर नुसत्या वणावर विश्वास ठेवत नाहीत. दंड उजेडात धरतात, बोटानं चाचपतात आणि आईला विचारतात, "हा कशाचा वण हाय? सुईचा का बिब्ब्याचा? खरं सांग, मी रागवत नाही." आणि एक लेकरू असलं तरी कुपी फोडतात. बैठकीत उभं केलं तर म्हणतात, "एका लेकरासाठी फोडली. लिवा." बाया हे सांगताना हसायच्या, त्यांना ती तुमची खोड वाटायची. मीही त्यांच्याबरोबर हसायचे. माझ्या अंगणवाडीतही मी वण तसाच तपासत होते, पण मला कुणी उभं करणार नव्हतं. तुमची नोकरी तुम्ही मला भीती वाटू नये म्हणून खर्ची घातलीत, आणि मी ती भीती तरीही सोडली नाही.

आपली शेवटची भेट तुमच्या नाक्यावरच्या घरी झाली. तुमची निवृत्ती वर्षावर आली होती. तुम्ही पिठलं-भाकरी केली, वर ठेचा, आणि मी निघताना म्हणालात, "आता तरी लगन कर वं." चाळिशी गाठत आलेल्या बाईला. मी हसले. तुमच्या छातीत तेव्हाही दुखत असेल. तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. विचारायचं राहून जाणं ही आपली जुनीच सवय.

शोकसभेत चहा पिऊन मी घरी गेले नाही. तांड्याला गेले. आता सडक झाली आहे, रिक्षा जाते. झमकू घरासमोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला नंतर दोन मुलं झाली, थोरला आता पाचवीत आहे. तिनं मला बसायला पोतं टाकलं. मी म्हटलं, "कुसुम सिस्टर गेल्या."

"कळलं," ती म्हणाली. "दोन दिस भाकर गोड लागली न्हाई."

मला हे ऐकून आश्चर्य वाटलं. तुमच्यासाठी तिला जेवण गोड लागू नये? मग तिनं सांगितलं. तुम्ही दर वर्षी माघात तिच्याकडं यायच्या. बदली झाल्यावरसुद्धा. बाळापूरच्या पलीकडून दोन गाड्या बदलून, आणि पुढं पायी. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. पहिल्या वर्षी झमकूनं तुम्हाला दगड मारला. दुसऱ्या वर्षी दार लावून घेतलं. कितव्या तरी वर्षी तुम्ही नुसत्या बाहेर बसून राहिलात, तेव्हा तिनं पाणी दिलं. गेल्या वर्षी तुम्ही तिच्या चुलीपाशी बसून तिच्या हातची भाकर खाल्लीत. आणि दर वर्षी तेच एक वाक्य, "झमकू, वण मी पाह्यला. चुकलं माहं."

मी पोत्यावरून खाली उतरले आणि जमिनीवर बसले. म्हटलं, "झमकू, ते खोटं हाय. दंड म्या पाहिला व्हता. सिस्टरनं न्हाई. म्याच म्हनले व्हते, वण हाय म्हनून."

तिनं शेंगा सोलायचं थांबवलं. मला वाटलं होतं ती मारेल. दगड उचलेल. मी त्याच तयारीनं गेले होते, आणि थोडी त्याच आशेनंही.

"मंग ती काहून म्हनायची का म्या पाह्यलं?"

"माझी नोकरी जाऊ नये म्हनून."

"अन् तू बारा वर्सं हे सांगाया आलीस न्हाई."

माझ्या पायापाशी पडलेली एक शेंग मी उचलून सुपात टाकली.

"तिला माफ करता करता माजी बारा वर्सं गेली बाई," झमकू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, थकलेला होता. "दर साली थोडं थोडं केलं. औंदा वाटलं, आता झालं, मनात काई राह्यलं न्हाई. अन् तू आता आलीस. आता तुज्यासाठी पुन्हा पैल्यापासून कुठून आनू?"

तिनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. दार उघडंच होतं, आत जायची माझी हिंमत झाली नाही. मी तिथं तिन्हीसांजेपर्यंत बसले, मग रिक्षा मिळाली तशी परत आले.

माघ महिन्यात मी परत जाणार आहे. तुम्ही असतात तर विचारलं असतं, सिस्टर, एवढंच सांगा: तिनं दगड मारला त्या वर्षानंतर, दुसऱ्या खेपेला तिच्या दारापर्यंत जाताना तुमचे पाय कसे उचलले?